हायड्राझिनपासून पाणी: मंगळावरची ती कादंबरी चित्रपटाआधी का वाचावी

नोव्हेंबरात पणजीत इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला की चित्रपटांसोबत त्यांच्या मूळ पुस्तकांचीही चर्चा रंगते आणि त्यात एक वाक्य हमखास ऐकू येते: "पुस्तक आधी वाचले की सिनेमाची गंमत जाते." रहस्यकथेच्या बाबतीत ते खरे असेल. 'द मार्शियन'च्या बाबतीत मात्र मला ते मुळीच पटत नाही. या कादंबरीत उत्कंठा आहे ती गणित सुटते की नाही याची, आणि पडद्यावर गणिताला वेळ मिळत नाही. दोन तासांच्या खेळात स्फोट दाखवता येतो, पण तो का झाला हे उलगडायला पाने लागतात.

अँडी वीअर हा पेशाने प्रोग्रामर. २००९ पासून तो ही कथा आपल्या संकेतस्थळावर एकेक प्रकरण करून फुकट टाकत होता आणि वाचक त्याला शास्त्रातल्या चुका दाखवून देत होते. २०११ मध्ये त्याने ती स्वतःच ई-पुस्तक म्हणून काढली, २०१४ मध्ये मोठ्या प्रकाशकाने छापली आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये रिडली स्कॉटचा चित्रपट आला. कथा दोन ओळींत सांगता येते. मार्क वॉटनी हा वनस्पतिशास्त्रज्ञ आणि यांत्रिक अभियंता. मंगळावर उतरल्यानंतर सहाव्याच दिवशी वादळ येते, तो मेला असे समजून सहकारी निघून जातात, आणि हा जिवंत असतो. मग तो रोजनिशी लिहायला घेतो. ती रोजनिशी विनोदी आहे, आणि विनोदाची जागा फार नेमकी आहे: आधी हिशेब मांडायचा, हिशेबातून मरण निघाले की एक फटकळ शेरा मारायचा आणि लगेच पुढच्या ओळीत हिशेब पुन्हा मांडायचा. शाळेत पाठ्यपुस्तकातले उदाहरण चुकल्यावर रडकुंडीला आलेल्या प्रत्येक मुलाच्या हाती हे पुस्तक पडावे असे मला मनापासून वाटते.

खाणे संपणार म्हणून तो बटाटे लावतो. बियाणे म्हणजे सणाच्या जेवणासाठी आणलेले बारा बटाटे, खत म्हणजे माणसाची विष्ठा आणि जमीन म्हणजे तंबूवजा घरात ओढून आणलेली मंगळाची माती. या मातीला घनमीटरमागे सुमारे ४० लिटर पाणी हवे, असा त्याचा हिशेब आहे. माती दहा सेंटिमीटर जाडीची पसरली तर एका घनमीटरात जेमतेम दहा चौरस मीटर जमीन होते. म्हणजे खोलीभर शेतीला शेकडो लिटर पाणी हवे, आणि तेवढे त्याच्याकडे नाही.

इथून पुढचा भाग माझ्या सर्वांत आवडीचा आहे. त्यासाठी हाताशी पेन्सिल ठेवावी.

त्याच्याकडे उतरत्या यानातले उरलेले इंधन आहे, हायड्राझिन. ते फोडून हायड्रोजन काढायचा आणि तो जाळून पाणी करायचे, हा त्याचा बेत. हे इंधन काल्पनिक नाही. २०१२ मध्ये क्युरिऑसिटी आणि २०२१ मध्ये पर्सिव्हरन्स या गाड्या मंगळावर अलगद उतरल्या त्या हायड्राझिनच्या इंजिनांवरच. आपल्या मंगळयानाच्या मुख्य इंजिनात त्याचाच भाऊबंद, मोनोमिथाइल हायड्राझिन होते. सुमारे तीनशे दिवस निपचित पडलेले ते इंजिन २४ सप्टेंबर २०१४ रोजी पुन्हा पेटले आणि यान मंगळाच्या कक्षेत शिरले.

हायड्राझिनच्या रेणूत नायट्रोजनचे दोन अणू एकेरी बंधाने जोडलेले असतात आणि प्रत्येकाला हायड्रोजनचे दोन अणू चिकटलेले असतात. हा एकेरी बंध कमकुवत असतो. नायट्रोजनला खरी स्थिरता मिळते ती तिहेरी बंधात, आपल्या हवेत असतो तशी. तो तिहेरी बंध तोडायला मोलमागे (मोल म्हणजे रेणू मोजायचे ठरावीक माप) सुमारे ९४५ किलोज्यूल लागतात, उलट तो जुळताना तेवढीच ऊर्जा बाहेर पडते. म्हणून हायड्राझिन फुटायला जणू निमित्तच शोधत असते. तरीही टाकीत ते वर्षानुवर्षे शांत राहते, कारण फुटण्याआधी एक ऊर्जेचा अडसर ओलांडावा लागतो. इरिडियम हा धातू उत्प्रेरक बनून तो अडसर खाली आणतो. अॅल्युमिनाच्या सच्छिद्र गोळ्यांवर इरिडियमचे बारीक कण बसवलेले असतात. त्या पृष्ठभागावर हायड्राझिनचा रेणू टेकला की त्याचे हायड्रोजन एकेक करून सुटू लागतात. ठिणगी लागत नाही, ऑक्सिजन लागत नाही. उपग्रहाचे छोटे इंजिन चालवायला एक झडप उघडणे पुरते.

आता वजने पाहू. नायट्रोजनचा अणुभार १४, हायड्रोजनचा १, ऑक्सिजनचा १६. म्हणजे ३२ ग्रॅम हायड्राझिनातून २८ ग्रॅम नायट्रोजन आणि ४ ग्रॅम हायड्रोजन मिळतो. हा ४ ग्रॅम हायड्रोजन ३२ ग्रॅम ऑक्सिजनमध्ये जाळला की ३६ ग्रॅम पाणी तयार होते. किलोच्या भाषेत, एक किलो विषारी इंधनाचे एक किलो १२५ ग्रॅम पाणी. दहावीच्या पुस्तकातल्या मूलद्रव्यांच्या तक्त्यापलीकडे यात काही लागत नाही, आणि एका माणसाचे जगणे त्यावर टांगलेले आहे.

आता जरा खोलात. प्रत्यक्षात हायड्राझिन एका उडीत नायट्रोजन आणि हायड्रोजन होत नाही. आधी त्याचे बरेचसे अमोनिया आणि थोडे नायट्रोजन होते. ही पायरी ऊष्मादायी आहे, हायड्राझिनच्या प्रत्येक मोलमागे सुमारे ११२ किलोज्यूल उष्णता सुटते. मग तापलेल्या उत्प्रेरकावर अमोनिया फुटून हायड्रोजन देतो. ही पायरी ऊष्माग्राही आहे, ती आधीची काही उष्णता परत घेते. सगळा अमोनिया फुटला तर शेवटी हाती उरते ती मोलमागे पन्नासच्या आसपास किलोज्यूल. किती अमोनिया फुटेल हे उत्प्रेरकाचा थर किती जाड आहे आणि वायू त्यातून किती वेळ वाहतो यावर ठरते. इंजिन बनवणारे अमोनिया मुद्दाम कमी फुटू देतात, त्यांना उष्णता हवी असते. वॉटनीला हायड्रोजन हवा, म्हणून त्याने थेंबथेंब आणि सावकाश काम करणेच योग्य. अर्थात वर ज्योत पेटती असेल तर उरलेला अमोनियाही जळून नायट्रोजन आणि पाणीच देतो, त्यामुळे हायड्रोजन वाया जात नाही. पण ज्योतीतून जो निसटेल तो डोळे आणि घसा जाळल्याशिवाय राहणार नाही. हायड्राझिन स्वतः तर त्याहून घातक. त्याच्याशी काम करणारे तंत्रज्ञ अंगभर बंद पोशाखात, स्वतंत्र हवेवर श्वास घेत वावरतात.

सावकाश करण्याला आणखी एक कारण आहे. इंधन फुटणे, हायड्रोजन जळणे आणि वाफेचे पाणी होणे या तिन्हींची उष्णता मिळवली तर एका किलोमागे १९ मेगाज्यूलच्या वर जाते. तिशीच्या तापमानाचे साठ लिटरहून अधिक पाणी उकळीला आणायला ती पुरेल. बंद घरात हे घाईने केले तर बटाट्यांआधी माणूस शिजेल. चित्रपटात हा सगळा प्रकार दोन-चार मिनिटांत उरकतो.

ऑक्सिजन कुठून आणायचा? मंगळाची हवा ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे आणि त्याच्या ४४ ग्रॅममध्ये ३२ ग्रॅम ऑक्सिजन असतो. कादंबरी लिहिली तेव्हा मंगळावर हे कुणी करून पाहिले नव्हते. एप्रिल २०२१ मध्ये पर्सिव्हरन्सवरच्या मॉक्सी या उपकरणाने ते केले. तिथली हवा दाबून, ८०० अंश सेल्सियसला तापवून, विजेच्या जोरावर सिरॅमिकच्या पडद्यातून ऑक्सिजनचे आयन ओढून घेतले. पहिल्या खेपेला सुमारे ५ ग्रॅम ऑक्सिजन मिळाला, आणि २०२३ पर्यंतच्या सोळा खेपांत मिळून १२२ ग्रॅम. आपल्या वजनांच्या हिशेबाने एवढ्या ऑक्सिजनातून १३७ ग्रॅम पाणी होईल, चहाच्या कपाएवढे. वॉटनीची यंत्रे किती मोठी असायला हवीत ते यावरून कळते. पुढच्या दशकात मंगळावर शहर वसवण्याच्या घोषणा करणाऱ्यांना हा कपभर पाण्याचा आकडा विचारावा.

आणि तो स्फोट. हायड्रोजन हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कुठल्याही प्रमाणात पेटू शकतो, इतका रुंद पट्टा फार थोड्या वायूंना असतो. सगळा हायड्रोजन ज्योतीत जळत नाही, काही निसटून घरभर साचतो, हे वॉटनीच्या उशिरा लक्षात येते. मग तो दुसऱ्या टोकाने विचार करतो: घरातला ऑक्सिजनच काढून टाकला तर पेटणार काय? युक्ती पक्की आहे. ऑक्सिजन पाचेक टक्क्यांच्या खाली गेला की हायड्रोजन पेट घेत नाही. पण हे काम करताना त्याने स्वतः मुखवट्यातून ऑक्सिजन घेतलेला असतो, आणि आपण आत घेतलेला सगळा ऑक्सिजन शरीर वापरत नाही. साध्या हवेत २१ टक्के आत जातो तर १६ टक्क्यांच्या आसपास उच्छ्वासात परत येतो. त्याच्या उच्छ्वासाचा हिशेब त्याच्या वहीत नसतो. आधी वाचून गेलात तर चित्रपटातला धमाका होण्याआधी तुम्ही खुर्चीत सावरून बसाल, आणि मला तर तो आनंद दचकण्यापेक्षा मोठा वाटतो.

कादंबरीतल्या मातीबद्दलही बोलायला हवे, कारण तिथे विज्ञान पुस्तकाच्या पुढे गेले आहे. क्युरिऑसिटीने माती तापवून पाहिली तेव्हा तिच्यात वजनाच्या सुमारे दोन टक्के पाणी निघाले, तो निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. घनमीटरभर माती दीड टन धरली तर हे ३० लिटर होतात. म्हणजे वॉटनीने हायड्राझिनशी खेळण्याऐवजी माती भाजली असती तरी बरेच भागले असते! पण त्या मातीत परक्लोरेट नावाचे क्षारही आहेत. फिनिक्स यानाला ते २००८ मध्ये सापडले, वजनाच्या सुमारे अर्धा टक्का. हे क्षार थायरॉइडला आयोडीन घेऊ देत नाहीत. कादंबरी याबद्दल गप्प आहे. उपाय मात्र आपल्याकडच्या गोव्यातल्या खाजन शेतीत, म्हणजे खाडीकाठच्या खारजमिनीत, बघायला मिळतो. मांडवी-जुवारीकाठच्या खाजनांत भरतीचे खारे पाणी बांध आणि मानशी (पाण्याची दारे) अडवतात, पावसाचे पहिले पाणी जमिनीतले मीठ धुऊन नेते आणि मग खारटपणा सोसणारा कोरगुट हा भात पेरला जातो. परक्लोरेटही पाण्यात सहज विरघळतात, म्हणजे मंगळाची माती आधी धुवावी लागेल आणि वाण खारटपणा सोसणारे निवडावे लागेल. पेरूतल्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राने नासाच्या मदतीने तिथल्या वाळवंटी खाऱ्या मातीत बटाट्याचे असे वाण शोधण्याचे प्रयोग केले.

याच क्षारांवरून एक गाजलेली बातमी झाली होती. २८ सप्टेंबर २०१५ रोजी, चित्रपट लागण्याच्या काही दिवस आधी, नासाने मंगळावरच्या उतारांवरील काळसर रेघांत पाणी धरलेल्या क्षारांच्या खुणा दिसल्याचे जाहीर केले. "मंगळावर वाहते पाणी" असे मथळे जगभर झळकले. २०१७ मध्ये त्याच रेघांच्या उतारांचा नव्याने अभ्यास झाला तेव्हा त्या कोरड्या वाळूच्या घसरणीसारख्या निघाल्या. ती बातमी कुठेतरी आतल्या पानावर आली असेल. मथळ्यांपेक्षा जास्त चीड मला दुसऱ्या गोष्टीची येते. ज्या ग्रहाच्या मातीतला अर्धा टक्का क्षार आपण मोजला, ज्याच्या कक्षेत आपले यान पोचले, तो ग्रह पत्रिकेच्या अमुक घरात आहे म्हणून आजही शिकलेल्या घरांतून मुलींची स्थळे परत जातात. पणजीच्या जुन्ता हाऊसच्या गच्चीवर खगोलप्रेमींनी वर्षानुवर्षे लोकांना दुर्बिणीतून तोच तांबूस ठिपका फुकट दाखवला. एकदा तो पाहावा आणि मग त्याचा कुणाच्या लग्नाशी काय संबंध ते सांगावे.

शेवटी वादळ, कारण कादंबरी आणि चित्रपट यांतला सर्वांत मोठा फरक तिथे आहे. कादंबरीत वादळे दोन आहेत. पहिले कथा सुरू करून देणारे, ताशी १७५ किलोमीटरचे, आणि ते शास्त्राच्या कसोटीला उतरत नाही. वाऱ्याचा दाब हवेच्या घनतेवर आणि वेगाच्या वर्गावर ठरतो. मंगळावरची हवा आपल्या हवेच्या साठाव्या हिश्श्याइतकी विरळ आहे. साठचे वर्गमूळ पावणेआठ, आणि १७५ला पावणेआठने भागले की उरतात साडेबावीस. पृथ्वीवर ताशी २२-२३ किलोमीटरच्या वाऱ्याने अंगावर जेवढा दाब येतो तेवढाच. त्याने यान कलंडत नाही. ही तडजोड आपण जाणूनबुजून केली हे वीअरने स्वतः सांगितले आहे.

दुसरे वादळ पुस्तकाच्या उत्तरार्धात, वॉटनीच्या लांबच्या प्रवासात येते. त्यात वारा जाणवतही नाही. सौरपट्ट्यांची वीज रोज थोडीथोडी कमी होत जाते, एवढेच. धूळ इतकी पातळ आणि सर्वदूर पसरलेली की डोळ्यांना कळत नाही. मग वादळाची कड कुठे आहे आणि उत्तरेला वळायचे की दक्षिणेला, हे तो वेगवेगळ्या ठिकाणी सौरपट्ट्या ठेवून, त्यांच्या विजेच्या नोंदी ताडून शोधून काढतो. हे शास्त्र अस्सल आहे. जून २०१८ मध्ये ग्रहभर पसरलेल्या धुळीने ऑपॉर्च्युनिटी या सौरऊर्जेवरच्या गाडीचा सूर्यप्रकाश तोडला. १० जूनला तिच्याशी शेवटचा संपर्क झाला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये मोहीम संपल्याचे जाहीर करावे लागले. चित्रपटाने पहिले, चुकीचे वादळ पूर्ण थाटात ठेवले आणि हे दुसरे, खरे वादळ गाळून टाकले. ते फक्त पुस्तकात आहे.