कांद्याचा भाव आणि अपेक्षांचा वाद

अर्थशास्त्र शिकू लागलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या काही तासांतच फळ्यावर मागणीची उतरती आणि पुरवठ्याची चढती रेषा भेटते, आणि त्या एकमेकींना जिथे छेदतात तो भाव, एवढे पाठ करून तो पुढच्या प्रकरणाकडे वळतो. ही आकृती चुकीची नाही. पण तिच्यात काळ नाही, आणि काळ वगळला की या शास्त्रातील काही फार महत्त्वाचे वाद दिसेनासे होतात. म्हणूनच त्या दोन रेषा मनात ठेवून एकदा नाशिक जिल्ह्यातील लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव पाहावा, असे मला मनापासून वाटते.

आधी मागणी पाहू. कांदा महागला म्हणून घरातली फोडणी थांबत नाही, आणि तो स्वस्त झाला म्हणून कोणी दुप्पट खात नाही. भाव बदलूनही मागणी फारशी हलत नाही, तेव्हा ती अलवचिक आहे असे म्हणतात. अशा वस्तूचा पुरवठा थोडासा घटला तरी तेवढ्यावर भागवून घ्यायला लोक सहज तयार होत नाहीत, त्यामुळे भाव बराच वर जातो. सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील ग्रेगरी किंग यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अंदाजात, धान्याचे पीक एक दशांशाने घटले तर भाव तीन दशांशाने वाढतो, असे मांडलेले आहे. कांद्याचे प्रमाण वेगळे असेल, पण समजण्यासाठी हेच घेऊ. १०० क्विंटल माल १,००० रुपयांनी विकला तर १ लाख रुपये येतात. ९० क्विंटल १,३०० रुपयांनी विकला तर १ लाख १७ हजार. माल कमी, पैसा जास्त! भरघोस पिकाच्या वर्षी शेतकरी अडचणीत का येतो, याचे उत्तर याच हिशेबाच्या उलट्या बाजूला आहे. मात्र हा हिशेब सगळ्यांचा मिळून आहे. ज्याचा कांदा अवकाळी पावसाने शेतातच सडला, त्याला चढलेल्या भावाचा काही उपयोग नाही. आणि ज्याने एकट्याने जास्त पिकवले, त्याचा फायदाच होतो. एकाला जे लागू पडते ते सर्वांना मिळून लागू पडेलच असे नाही, ही अर्थशास्त्रातली मूलभूत जाणीव येथे आपोआप होते.

आता काळ. लागवड करताना शेतकऱ्याला आजचा भाव माहीत असतो, पण विकायचे असते काही महिन्यांनंतरच्या भावाने. चढा भाव पाहून सर्वांनीच लागवड वाढवली तर पीक निघेपर्यंत भाव कोसळतो. कोसळलेला भाव पाहून सर्वांनी हात आखडला तर पुढे टंचाई येते. १९३८ मध्ये अर्थशास्त्रज्ञ मॉर्डेकाय इझिकिएल यांनी या चक्राची सविस्तर मांडणी केली. आकृतीत भावाचा प्रवास कोळ्याच्या जाळ्यासारखा दिसतो, म्हणून त्या सिद्धांताचे नावही तेच पडले.

यावर १९६१ मध्ये अर्थशास्त्रज्ञ जॉन म्यूथ यांनी थेट आक्षेप घेतला. शेतकरी दर वेळी तीच चूक करतो, असे गृहीत का धरायचे? चक्र इतके नियमित असेल तर ते त्याच्याही लक्षात येईल, तो पुढचा भाव ओळखून लागवड करील आणि चक्रच उरणार नाही. विवेकी अपेक्षांच्या या कल्पनेवर पुढे रॉबर्ट ल्युकास यांनी जे काम उभारले, त्याला १९९५ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मला म्यूथ यांचा प्रश्न फार मोलाचा वाटतो, कारण तो शेतकऱ्याच्या बुद्धीचा मान राखतो. पण त्यांचे उत्तर मला अपुरे वाटते. भाव पडेल हे कळूनही दुसरे पीक घ्यायला पाणी नसेल, हातात पैसा नसेल, किंवा शेजारी लागवड कमी करणार की नाही हे कळत नसेल, तर त्या शहाणपणाचा उपयोग मर्यादितच राहतो.

साठवणूक या चक्राला काहीसा लगाम घालते. उन्हाळ्यात निघणारा उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे साठवणुकीच्या हवेशीर शेडमध्ये, काही महिने टिकतो, त्यामुळे पडत्या भावात माल रोखून धरता येतो. त्यात वजन घटण्याची आणि कांदा सडण्याची जोखीम असतेच. लाल कांद्याला मात्र ही सोय नाही, तो लवकर विकावाच लागतो.

सरकारच्या धोरणाचा वाद येथूनच सुरू होतो. ८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. निर्यातबंदीने देशातला भाव उतरतो, ग्राहकाला दिलासा मिळतो आणि उत्पादकाला तोटा होतो, हे सिद्धांत सांगू शकतो. कोणाच्या दिलाशाला किती वजन द्यायचे, हे तो सांगू शकत नाही. विद्यार्थ्याने हे दोन प्रश्न वेगळे ठेवायला शिकले पाहिजे. माझे मत विचाराल तर अशा बंदीचा सर्वांत मोठा तोटा त्या हंगामाच्या भावापुरता नसतो, तो अपेक्षांमध्ये असतो: चढा भाव टिकू दिला जाणार नाही असे एकदा मनात बसले की चाळ बांधण्यातली गुंतवणूकही जोखमीची वाटू लागते. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, पण टनाला किमान ५५० डॉलर निर्यात मूल्य आणि ४० टक्के निर्यात शुल्क लागू करण्यात आले. नंतर शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही हटले, तेव्हा उन्हाळ कांद्याची काढणी सुरू होती. चाळ भरायची की ट्रॅक्टर थेट लिलावाला न्यायचा हे ठरवताना शेतकऱ्याला पावसाबरोबर आणि भावाबरोबर दिल्लीच्या पुढच्या निर्णयाचाही अंदाज बांधावा लागत होता.