उलटी उतरंड आणि इंदूरचे १८५० फूट

बिजासन टेकडीवरून उतरणारी विमानं पाहताना आकाश अगदी मोकळं वाटतं. वैमानिकाच्या नकाशावर मात्र तेच आकाश कप्प्याकप्प्यांचं असतं. मोठ्या विमानतळाभोवती नियंत्रित हवाई क्षेत्राचा, म्हणजे कंट्रोलरच्या परवानगीशिवाय शिरता न येणाऱ्या आकाशाचा, एक लहान घेर थेट जमिनीपासून सुरू होतो. त्याच्या वर त्याहून मोठा घेर असतो आणि त्यावर आणखी मोठा. स्वयंपाकघरातली उतरंड उलटी करून ठेवावी, तसा हा आकार. त्यामागे साधं भूमितीचं कारण आहे. प्रवासी विमान साधारण ३ अंशांच्या उताराने खाली येतं, म्हणजे धावपट्टीपासून १० नॉटिकल मैलांवर ते सुमारे ३००० फूट वर असतं. दूरवर जमिनीलगतचं आकाश त्याला लागत नाही, म्हणून तिथे घेराचा तळ उंच ठेवतात. त्या तळाखालून सेसना १५२ सारखं छोटं विमान जाऊ शकतं.

पण तळ किती उंचीवर आहे, हे नकाशावर फक्त एका बारीक आकड्याने लिहिलेलं असतं. घेराच्या हद्दीची रेघ डोळ्यांना दिसते, हा आकडा मात्र वाचावा लागतो, आणि घोटाळा बहुधा तिथेच होतो.

समजा, एका घेराचा तळ ३५०० फूट लिहिला आहे. ही उंची समुद्रसपाटीपासूनची. इंदूरचा देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ स्वतःच सुमारे १८५० फुटांवर आहे. म्हणजे जमीन आणि तळ यांच्यात उरले जेमतेम १६५० फूट. हाच आकडा कुणी जमिनीपासूनचा समजला, तर त्याच्या हिशेबाने अल्टीमीटरवर (हवेच्या दाबावरून उंची दाखवणारं यंत्र, इथे समुद्रसपाटीपासूनची) ५३५० फुटांपर्यंत मुभा आहे. तो निर्धास्तपणे ४५०० वर जातो आणि हजार फूट आत शिरलेला असतो. वडोदऱ्याचा विमानतळ १२९ फुटांवर आहे. तिथे याच चुकीने १२९ फुटांचाच फरक पडतो. सपाट, सखल प्रदेशात उडायला शिकलेल्याला माळव्याच्या पठारावर म्हणूनच जास्त जपावं लागतं. आकड्यापुढे समुद्रसपाटी लिहिली आहे की जमीन, हे प्रत्येक घेरासाठी वेगळं पाहायला हवं.

तिसरी तऱ्हा फ्लाइट लेव्हलची. ‘एफएल ७५’ म्हणजे ७५०० फूट खरे, पण अल्टीमीटरवर १०१३.२५ हेक्टोपास्कल हा प्रमाण दाब लावून मोजलेले. पावसाळ्यात माळव्यात समुद्रसपाटीला आणलेला दाब, म्हणजे क्यूएनएच, १००० च्या आसपास असतो. एका हेक्टोपास्कलला साधारण ३० फूट धरले, तर त्या दिवशी हा तळ प्रत्यक्षात ७१०० फुटांवर आलेला असतो. क्यूएनएच लावून ७३०० फुटांवर उडणारा ‘मी दोनशे फूट खाली आहे’ असं मानतो, पण असतो दोनशे फूट आत.

आडव्या चुकाही असतातच. नकाशावर अंतर मोजायच्या पट्टीला एका कडेला १:५,००,००० आणि दुसऱ्या कडेला १:१०,००,००० चं माप असतं. कड चुकली की अंतर दुप्पट किंवा निम्मं होतं. दहा लाखांच्या नकाशावर १ मिलिमीटर जाडीची पेन्सिलची रेघसुद्धा १ किलोमीटर आकाश झाकते. इंदूर ते उज्जैन हवाई अंतर सुमारे २७ नॉटिकल मैल. ९० नॉटच्या, म्हणजे ताशी ९० नॉटिकल मैलांच्या वेगाने १८ मिनिटं. दिशा ५ अंशांनी चुकली, तर उज्जैनजवळ विमान सव्वादोन मैल, म्हणजे चार किलोमीटर बाजूला असतं. (६० मैलांवर १ अंशाला १ मैल, हा सोपा ठोकताळा.) जमिनीवरच्या खुणांपैकी रेल्वेमार्गावर भरवसा ठेवावा. यशवंतसागरसारख्या जलाशयाचा काठ मे महिन्यात नकाशावरच्या निळ्या आकारापासून बराच आत सरकलेला असतो.

उपाय जमिनीवरच करायचा. मार्गाची रेघ आखून झाली की ती जिथे जिथे घेराची हद्द ओलांडते, तिथे तळाची उंची ठळक लिहावी आणि शेजारी आपली ठरलेली उंची. ब्रिटनमध्ये हद्दीपासून आडवं २ नॉटिकल मैल आणि उभं २०० फूट अंतर राखायला सांगतात. ही सवय इथेही उपयोगी आहे. नकाशाची आवृत्ती चालू आहे ना, हे पाहावं. ग्वाल्हेरकडे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, तिथलं विमानतळ हवाई दलाचं आहे. भारतात एअर डिफेन्स क्लिअरन्सचा (हवाई संरक्षणासाठीच्या मंजुरीचा) क्रमांक घ्यावा लागतो, पण तो क्रमांक म्हणजे नियंत्रित घेरात शिरायची परवानगी नव्हे. ती रेडिओवर वेगळी मागायची.

तरीही आत शिरल्याचं लक्षात आलं, तर गप्प राहू नये. लगेच कंट्रोलरला कॉलसाइन (रेडिओवरचं विमानाचं नाव), जागा आणि उंची सांगावी, ट्रान्सपॉन्डर (रडारला आपोआप उत्तर देणारं विमानातलं यंत्र) उंची पाठवतोय ना हे पाहावं आणि कंट्रोलर सांगेल तसं बाहेर पडावं. उंचीबरोबर कुठला क्यूएनएच लावला आहे, तेही सांगावं. ट्रान्सपॉन्डर नेहमी १०१३.२५ धरूनच उंची पाठवतो, अल्टीमीटरवर दाब लावायची खुंटी कुठेही असो. कंट्रोलरच्या पडद्यावर ती स्थानिक दाबाने दुरुस्त होऊन दिसते. पडद्यावरचा आकडा आणि वैमानिकाने सांगितलेला आकडा यांत तीनशे फुटांचं अंतर पडलं, की खुंटी चुकीच्या दाबावर असल्याची शंका तिथल्या तिथे येते.