फेसबुकवर टाकलेली कविता आणि कॉपीराइट नोंदणीचा अर्ज

कॉपीराइट मिळावा म्हणून अर्ज करावा लागत नाही. लेख किंवा कविता लिहून झाली की हक्क आपसूक तुमचा होतो; १९५७च्या कॉपीराइट कायद्याला त्यासाठी कुठला शिक्का लागत नाही. मग नोंदणी कशाला? भांडण कोर्टात गेलं, तर कलम ४८ प्रमाणे कॉपीराइट नोंदवहीतली नोंद प्रथमदर्शनी पुरावा (उलट सिद्ध होईपर्यंत खरा मानला जाणारा) धरली जाते. आपल्या लेखनाची प्रत स्वतःलाच रजिस्टर पोस्टाने पाठवून पाकीट न फोडता जपायचा सल्ला अजूनही मिळतो. त्या पाकिटाला हे वजन नाही.

अर्ज लेखकाला करता येतो, किंवा ज्याने लेखकाकडून हक्क लेखी करून घेतले आहेत त्याला. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. नुसती कल्पना किंवा नुसतं शीर्षक नोंदवता येत नाही.

कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर खातं उघडून नमुना १४ भरायचा. एका कृतीला एक अर्ज. शुल्क साहित्यकृतीला ५०० रुपये, ध्वनिमुद्रणाला २,०००, चित्रपटाला ५,०००. सोबत कृतीची प्रत हवी. सहलेखक, वेगळा प्रकाशक किंवा मुखपृष्ठाचा चित्रकार असेल तर त्यांचं ना हरकत पत्र, आणि वकिलामार्फत अर्ज असेल तर त्याचं अधिकारपत्र.

लोक अडखळतात ते ‘प्रकाशित की अप्रकाशित’ या रकान्यापाशी. पुस्तक छापलेलं नाही म्हणून बरेच जण बेधडक ‘अप्रकाशित’ लिहितात. पण कायद्यात प्रकाशन म्हणजे फक्त छपाई नव्हे. कृती लोकांपर्यंत पोचवणं हेही प्रकाशनच. तेव्हा कविता फेसबुकवर सगळ्यांना दिसेल अशी टाकली असेल, तर ‘प्रकाशित’ लिहून पहिल्या प्रकाशनाचं वर्ष आणि देश द्या. जुनी पोस्ट शोधायचा कंटाळा करू नका, ती तारीख तुमच्याच कामाची आहे.

शुल्क भरलं की डायरी क्रमांक, म्हणजे अर्जाचा क्रमांक, मिळतो. मग ३० दिवस हरकतींसाठी थांबायचं. हरकत आली तर दोन्ही बाजू ऐकल्या जातात. नाही आली तर तपासणी होते. त्रुटी कळवल्या तर मुदतीत उत्तर द्या.

आता ‘साभार’बद्दल. अख्खा लेख उचलून खाली ‘साभार’ लिहिलं, तर वाङ्मयचौर्याचा आरोप टळेल, पण परवानगी घेतली असं होत नाही. उलट तुकोबांच्या अभंगावर आज कुणाचा कॉपीराइट नाही; लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षांनी तो संपतो. तरीही कुणी अभंगाखाली स्वतःचं नाव घातलं, तर ती मात्र चोरीच.

तुमचा मजकूर कुणी उचललाच, तर तो जिथे दिसतो त्या संकेतस्थळाकडे लेखी तक्रार करा: मूळ कृती कोणती, मालकी कशी, चोरीचा दुवा कोणता. तक्रार पटली तर ३६ तासांत तो मजकूर रोखावा लागतो. ही बंदी २१ दिवसांची. तेवढ्यात कोर्टाचा आदेश आणला नाही, तर तो पुन्हा दिसू लागू शकतो.