तिसरा पर्याय आला की बहुमत अडतं

16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात गोमंतकीयांपुढे पर्याय दोनच होते: महाराष्ट्रात विलीनीकरण की संघप्रदेश. संघप्रदेशाच्या ‘दोन पानं’ या निशाणीला 34,021 मतं जास्त पडली, निकाल लागला. पर्याय दोन असतील तर साध्या बहुमताला तोड नाही. मतदारांत आणि पर्यायांत भेदभाव न करणारा, एका मताने बरोबरी फोडणारा तोच एकमेव नियम, हे गणितज्ञ केनेथ मे यांनी 1952 मध्ये सिद्ध केलं.

आता ग्रामसभा घ्या. 50 जण हजर, निधी एकाच कामापुरता: खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीच्या) मानशीची, म्हणजे पाणी अडवणाऱ्या दाराची दुरुस्ती, मासळी बाजाराची शेड किंवा तळीतला गाळ. 30 जणांचा क्रम मानस, शेड, तळी. उरलेल्या 20 जणांचा शेड, तळी, मानस. पहिल्या पसंतीला 2 गुण, दुसरीला 1, तिसरीला शून्य. मानस 60, शेड 30 अधिक 40 म्हणजे 70, तळी 20. शेड जिंकली. आता तळी यादीतून काढा. कुणाचंही मत बदललेलं नाही, तरी पहिलीला 1 आणि दुसरीला शून्य गुण धरून हिशेब होतो मानस 30, शेड 20! तळी कुणाचीच पहिली पसंती नव्हती; पण ती मध्ये होती म्हणून 20 जणांना मानस एक पायरी खाली ढकलता आली. ज्या पंचाला हे उमगतं, तो विषयपत्रिकेत मुद्दाम एखादं तिसरं काम घुसडू शकतो.

गुण नकोत, जोडीजोडीने हात वर करू म्हटलं, तर फ्रेंच विचारवंत काँदोर्से यांनी 1785 मध्ये दाखवलेलं चक्र आडवं येतं. तीन समान गटांचे क्रम मानस-शेड-तळी, शेड-तळी-मानस आणि तळी-मानस-शेड असले की मानस शेडला हरवते, शेड तळीला, तळी मानशीला. जे काम थेट शेवटच्या फेरीत उतरवाल, तेच जिंकेल.

अर्थतज्ज्ञ केनेथ ॲरो यांनी 1951 मध्ये यावर शिक्कामोर्तब केलं. तीन किंवा जास्त पर्याय असताना लोकांचे कुठलेही पसंतीक्रम स्वीकारून सर्वांचा एक सुसंगत क्रम लावायचा. एकमत असेल तर ते मानायचं. दोन पर्यायांची तुलना तिसऱ्यावर विसंबू द्यायची नाही. आणि एकाच माणसाची पसंती सर्वांवर लादायची नाही. हे सगळं एकत्र पाळणारी पद्धत असूच शकत नाही. ‘लोकशाही अशक्य, गणिताने सिद्ध’ असे संदेश मोबाईलवर फिरतात, ते धादांत खोटे आहेत. प्रमेय फक्त पसंतीक्रम जुळवण्याबद्दल बोलतं. निर्णय संगणकावर सोपवूनही सुटका नाही. त्यालाही तेच क्रम जुळवायचे असतात.

पर्याय एका रेषेत बसत असतील तर मात्र वाट निघते; ती अर्थतज्ज्ञ डंकन ब्लॅक यांनी 1948 मध्ये दाखवली. मानशीवर किती लाख खर्चायचे, असा प्रश्न घ्या. प्रत्येकाला एक आकडा पटतो, त्यापासून जितकं दूर तितकं नापसंत. समजा 51 जण आहेत; त्यांचे आकडे चढत्या क्रमाने लावा आणि 26वा उचला. जोडीच्या मतदानात दुसरा कुठलाही आकडा त्याला हरवू शकत नाही.