संडासाच्या खड्ड्यातल्या खताने पीक विटाळतं?

मराठवाड्यात गावोगाव हा समज पक्का आहे: मैल्याचं खत रानात टाकलं की पीक विटाळतं, रोगराई येते. ताज्या मैल्यापुरतं ते खरं आहे. जंतांची अंडी त्यात महिनोन्महिने तग धरतात. म्हणूनच सेप्टिक टँकचा गाळ थेट शेतात सोडणं धोक्याचं.

दोन शोषखड्ड्यांच्या संडासाचं तसं नाही. पाच-सहा माणसांच्या घरात एक खड्डा भरायला साधारण ५ वर्षं लागतात. मग मैला दुसऱ्या खड्ड्याकडे वळवायचा आणि पहिला किमान १ वर्ष, माझं ऐकाल तर २ वर्षं, बंद ठेवायचा. पाणी खड्ड्याच्या जाळीदार वीटकामातून (विटांमधल्या मोकळ्या फटींतून) मातीत मुरतं, सूक्ष्मजीव बाकीचं कुजवतात, रोगजंतू मरत जातात. उरतं कोरडं, भुसभुशीत, बिनवासाचं खत. आपल्या काळ्या चिकण जमिनीत मात्र पाणी सावकाश मुरतं, त्यामुळे खड्ड्याभोवती वाळूचा जाड थर हवाच. तो खर्च वाचवला की खड्डा ओला राहतो आणि बदनामी खताची होते.

हे खत तुरीला, कपाशीला, आंब्याच्या आळ्यात घाला. कच्च्या खायच्या कोथिंबीर-मुळ्याला नको. ओलसर, वासाचा खड्डा उपसू नका. आणि उपसायला अमुक जातीचाच माणूस शोधू नका. हातमोजे, बूट घालून घरच्यांनीच फावडं धरावं.