पेशीपटलातला खवटपणा
जवसाची चटणी शेंगदाण्याच्या चटणीपेक्षा लवकर खवट होते, याचे कारण दोन्हींतल्या मेदाम्लांच्या, म्हणजे तेल ज्यांपासून बनते त्या कार्बनच्या लांब साखळ्यांच्या, रचनेत आहे. जवसाच्या तेलातले निम्म्याहून अधिक मेदाम्ल तीन दुहेरी बंधांचे असते, आणि लगतच्या दोन दुहेरी बंधांच्या मधल्या कार्बनवरचा हायड्रोजन फारच सैल धरलेला असतो. एखाद्या मुक्त मूलकाने, म्हणजे जोडी नसलेल्या इलेक्ट्रॉनमुळे अतिक्रियाशील झालेल्या कणाने, तो ओढून घेतला की उरलेला रेणू स्वतःच मूलक बनतो, ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि शेजारच्या रेणूचा हायड्रोजन हिसकावतो. एका ठिणगीतून अशी साखळी सुरू होते आणि ती बराच वेळ आपोआप चालू राहते.

आपल्या पेशींची पटले, म्हणजे त्यांची पातळ आवरणे, यांतही अशीच मेदाम्ले असतात, तीही ३७ अंश तापमानात, ऑक्सिजन आणि लोह यांच्या सान्निध्यात. मेंदू आणि दृष्टिपटल यांत तर सहा दुहेरी बंधांचे डीएचए हे मेदाम्ल मुबलक असते. या मेदाम्लांमुळे पटल लवचीक राहते, म्हणून शरीराला ती टाळता येत नाहीत. ती तुटली की मॅलोनडायअल्डिहाइड, हायड्रॉक्सिनॉनेनल यांसारखी द्रव्ये तयार होतात आणि प्रथिनांना व डीएनएला चिकटून त्यांचे काम बिघडवतात. मूळ मूलक क्षणात संपतो, ही द्रव्ये मात्र दूरवर पोहोचतात. हृदयाच्या स्नायूंत आणि चेतापेशींत वयानुसार साठत जाणाऱ्या लायपोफ्युसिन या पिवळसर तपकिरी रंगद्रव्यामध्येही या तुटफुटीचा वाटा असतो. रक्तवाहिनीच्या भिंतीत अडकलेल्या, कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या एलडीएल कणांमधील मेदाचे ऑक्सिडीभवन झाले, म्हणजे तो वरीलप्रमाणे ऑक्सिजनशी संयोग पावला, की भक्षक पेशी ते कण अनावर गिळतात, फेसाळ दिसू लागतात, आणि तिथे धमनीकाठिण्याचा थर धरू लागतो.

अमेरिकी शास्त्रज्ञ डेनम हार्मन यांनी १९५६ मध्ये वार्धक्याचे खापर मुक्त मूलकांवर फोडले, तेव्हापासून प्रतिऑक्सिडीकारकांच्या, म्हणजे मूलकांना निष्प्रभ करणाऱ्या द्रव्यांच्या, गोळ्या हा सरळ उपाय वाटत आला. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या अशा गोळ्यांच्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये आले: बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी अधिक आढळला, आणि ई जीवनसत्त्वानेही तो रोखला नाही. माझ्या मते त्यानंतरही जाहिरातींचा सूर फारसा बदललेला नाही, ही खेदाची गोष्ट आहे. पूर्व आफ्रिकेतला नेकेड मोल रॅट हा बिनकेसांचा, उंदरासारखा कृंतक प्राणी तर ऑक्सिडीभवनाची हानी तरुणपणीच उंदरापेक्षा जास्त दाखवतो, तरी तीस वर्षांहून अधिक जगतो. म्हणजे हानीच्या आकड्यावरून आयुष्याचा हिशेब मांडता येत नाही.

तरीही मेदाचे ऑक्सिडीभवन गौण ठरत नाही, हे २०१२ मध्ये दिसून आले. अमेरिकी संशोधक ब्रेंट स्टॉकवेल यांच्या प्रयोगशाळेने त्या वर्षी पेशीमृत्यूच्या एका वेगळ्या प्रकाराला फेरोप्टोसिस असे नाव दिले. त्यात लोहाच्या मदतीने पटलातील मेदाचे ऑक्सिडीभवन आवरेनासे होते आणि पेशी मरते. एरवी जीपीएक्स४ हे सेलेनियमयुक्त एन्झाइम या ऑक्सिडीभवनातून बनणारी मेदाची पेरॉक्साइडे तयार होताच निकामी करत असते. वरून घेतलेली गोळी जिथे अपयशी ठरते, तिथे पटलाजवळचे हे एन्झाइम काम करते. औषधांना दाद न देणाऱ्या काही कर्करोगपेशी तर जगण्यासाठी याच एन्झाइमवर विसंबून असतात, आणि म्हणून ते बंद पाडून त्या पेशींना त्यांच्याच मेदाच्या ऑक्सिडीभवनाने मारता येईल का, याचा शोध आता सुरू आहे.