‘एकदाचं सगळं काढून टाका’ म्हणण्याआधी

स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालं की घरातलं कुणीतरी म्हणतंच, “डॉक्टर, एकदाचं सगळं काढून टाका.” म्हणणारा बहुधा नवरा नाहीतर दीर असतो, आणि जिचं ऑपरेशन व्हायचं ती शेजारी गप्प बसलेली असते. स्तन ठेवला म्हणजे कॅन्सरही आत राहिला, असा त्यामागचा समज. यात हसण्यासारखं काही नाही. ऐंशीएक वर्षं डॉक्टरही असंच मानत होते.

अमेरिकन सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांचं म्हणणं असं, की कॅन्सर स्तनातून काखेत आणि तिथून पुढे असा पायरीपायरीनं सरकतो. म्हणून ते स्तनासोबत छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठीही (लसीकाग्रंथी) काढत. बाई वाचली तरी छाती खपाटीला जायची, हात सुजायचा. पिट्सबर्गच्या सर्जन बर्नार्ड फिशर यांना ही पायऱ्यांची कल्पनाच पटेना. पेशी रक्तातून आधीच दूर गेल्या असतील, तर छाती कितीही खरवडून काय उपयोग?

त्यांनी १९७६ मध्ये चाचणी सुरू केली. चार सेंटीमीटरपर्यंत गाठ असलेल्या बायकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट केले: पूर्ण स्तन काढलेल्या, फक्त गाठ काढलेल्या, आणि गाठ काढून रेडिएशन (शेक) दिलेल्या. वीस वर्षांचा हिशोब २००२ मध्ये छापून आला. जगण्याच्या प्रमाणात तिन्ही गटांत फरक नव्हता. मिलानमध्ये उंबेर्तो वेरोनेसी यांनी ७०१ बायकांवर केलेल्या चाचणीतही स्तन वाचवलेल्या बायका तितक्याच जगल्या.

फरक पडला तो दुसरीकडे. फिशर यांच्या चाचणीत नुसती गाठ काढलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना त्याच स्तनात कॅन्सर परत आला. रेडिएशन घेतलेल्यांत १४ टक्क्यांना. आजच्या औषधांमुळे हे आकडे बरेच खाली आले आहेत. तरी स्तन वाचवायचा तर शेक घ्यायचा, हा व्यवहार बहुतेकींसाठी कायम आहे.

गाठ पूर्ण निघाली हे कळतं कसं? सर्जन काढलेल्या तुकड्याला लहान-मोठे टाके घालून वरची बाजू कुठली, बाहेरची कुठली हे दाखवतो. पॅथॉलॉजिस्ट त्याच्या पृष्ठभागाला शाई फासतो, काप घेतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. कॅन्सरच्या पेशी शाईला टेकल्या असतील तर बहुधा पुन्हा थोडा भाग काढावा लागतो.

सगळ्यांना हा मार्ग खुला नसतो. एकाच स्तनात लांब लांब बऱ्याच गाठी असतील, छातीला पूर्वी रेडिएशन झालं असेल किंवा बीआरसीए जनुकात (स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा) दोष असेल, तर सर्जन स्तन काढायला सुचवू शकतो. गाठ नुसतीच मोठी असेल, तर मात्र आधी केमो देऊन ती लहान करता येते. गाठ विरघळलीच तर जागा सापडावी म्हणून तिच्यात आधीच धातूची बारीक क्लिप ठेवतात.

आपल्याकडे निर्णय पुष्कळदा अडतो तो अंतरावर. रेडिएशन पूर्वी पाच-सहा आठवडे चालायचं, आता अनेकींचं तीन आठवड्यांत उरकतं. पण गडचिरोलीच्या बाईनं तेवढे दिवस नागपुरात राहायचं कुठे, रोजगार बुडवायचा कसा? अशा वेळी तिनं स्तन काढायचं ठरवलं तर ते अडाणीपणाचं नाही. मात्र काखेतल्या गाठींत कॅन्सर पसरला असेल, तर स्तन काढूनही रेडिएशन चुकेलच असं नाही. म्हणून “स्तन ठेवला काय, काढला काय, मला शेक लागणारच आहे का?” हे तिनं ऑपरेशनची तारीख घेण्याआधीच विचारावं. विचार करायला आठवडाभर घेतला म्हणून सहसा काही बिघडत नाही.